खुराड्यातली घरघर

कोंबडी शिंकते, हे मला चाळिशी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. इकडे दक्षिणेतला नोव्हेंबरचा पाऊस धरून बसला होता, क्रोमपेटच्या आमच्या घरामागे पाणी तुंबलं होतं, आणि मी दोरीवरचे दमट कपडे काढत असताना खुराड्यातून शिंक आली. मला वाटलं, बाबाच. ते आत होतेच, पण शिंकली होती ती आमची लंगडी. दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसला आणि ती चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली.

मला धडकी भरली. कोंबडीसाठी नाही, उगाच खोटं कशाला बोलू? मला कोंबड्या आवडत नाहीत. अंगण घाण करतात, पायात येतात, आणि बाबा त्यांच्याकडे बघून जेवढं हसतात तेवढं माझ्याकडे बघून हसत नाहीत. पण आई गेल्यावर हा रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. शेजारच्या मामींनी चार तलंगा आणून दिल्या, तेव्हा कुठे तो उठला, दाढी करायला लागला. कोंबड्या गेल्या तर बाबा पुन्हा आडवे होतील आणि या वेळी उठायचे नाहीत, ही माझी भीती होती. सिरुसेरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी आजारी कोंबड्यांचे व्हिडिओ बघायचे. बर्ड फ्लू हा शब्द मी घरात काढला नाही.

बाबांचे उपाय सुरू झाले होते. थंडी बाधली असणार म्हणून त्यांनी खुराड्याला चहूबाजूंनी पोती बांधली, वर ताडपत्री ओढली. मामींनी साम्ब्राणी दिली. इथे शुक्रवारी घरोघर तिचा धूप फिरतो, न्हाऊ घातलेल्या बाळाचे केसही त्यावरच वाळवतात. आमच्या आईचा भरवसा असायचा ओव्याच्या धुरीवर. मग करवंटीच्या निखाऱ्यांवर साम्ब्राणी पडली आणि तिच्यावर ओवाही पडला. पोतं सारून बाबा आत शिरायचे आणि लंगडीला मांडीवर घेऊन त्या धुरात बसायचे. बाहेर यायचे ते लाल डोळ्यांनी, खाकरत.

"तुम्ही कशाला बसता आत?" मी वैतागून विचारलं.

"एकटी घाबरते गं ती. मला काय होतंय? धुराने जरा घसा धरलाय."

आणखी दोघी शिंकायला लागल्या तेव्हा मी रजा टाकली. लंगडीला आंब्याच्या रिकाम्या खोक्यात घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी तिची चोच उघडून पाहिली, नाक पुसलं, बरेच प्रश्न विचारले. फ्लूसारखं दिसत नाही म्हणाल्या, श्वासनलिकेला संसर्ग झालाय. मला तिथेच रडू आलं. बाबांनी मोठ्या हौसेने धुरीचं सांगितलं, तशा त्या कपाळाला हात लावून तमिळमध्ये म्हणाल्या, "पुगै वेंडाम, सार. कात्तु वेणुम." धूर नको, वारा हवा. कोंडलेलं खुराडं, ओलं तूस, विष्ठेचा उग्र वास आणि वर हा धूर, यात धडधाकट जीवही गुदमरेल. त्यांनी पिण्याच्या पाण्यातून द्यायची पूड दिली, आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवायला सांगितल्या आणि औषध संपल्यावरही काही दिवस अंडी खायची नाहीत असं बजावलं. शिवाय म्हणाल्या, संध्याकाळी त्या काठीवर बसल्या की दिवा न लावता जवळ उभं राहून ऐका. दिवसाच्या गडबडीत छातीतला आवाज कळत नाही.

घरी येऊन मी पोती फाडून काढली. बाबा ओलं तूस उपसायला लागले आणि दुसऱ्याच घमेल्याला पायरीवर टेकले. कोंबड्यांच्या काळजीने हबकलेत, असं मी धरून चालले.

मग रोज संध्याकाळी आम्ही जाळीला कान लावायचो. पहिल्या दिवशी तिघींचीही घरघर स्पष्ट ऐकू आली. तो आवाज आमच्या ओळखीचा होता. आईच्या उशाशी बसून आम्ही दोघांनी तो ऐकला होता. मी जाळी घट्ट धरून उभी राहायचे. हळूहळू एकीचा आवाज गेला, मग दुसरीचा. लंगडी दाणे टिपायला लागली, मामींच्या मांजरावर धावून गेली. औषधाची पूड संपली.

त्या संध्याकाळी पाऊस नव्हता. चौघी पुन्हा एकाच काठीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, लंगडी मध्ये. बाबा माझ्या मागेच उभे होते. मी कान लावला. घरघर होती. बारीक, ओली, प्रत्येक श्वासाला.

"आहे अजून," मी कुजबुजले. "ऐका."

बाबांनी ऐकायला श्वास रोखला, आणि आवाज थांबला.

खुराड्यात चिडीचूप. मग बाबांनी श्वास सोडला आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

"कुठली गं?" त्यांनी काळजीने विचारलं. "लंगडी का?"

मी वळले आणि त्यांच्या बनियनला कान लावला.