ब्राझीलची हवा

हमीदभाई गेले, हे मला त्यांच्या खोलीतल्या सोबत्याने फोनवर सांगितलं. इथे आखातात, गुदैबियातल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत सकाळची गर्दी होती, समोर एक जोडपं इस्तंबूलचे दर विचारत होतं... आणि मी त्यांना दर सांगत राहिले. दुसरं काही सुचलंच नाही.

हमीदभाई दापोलीकडचे, इथल्या मीना सलमान बंदरातल्या एका शीतगोदामात सुपरवायझर. वीस-बावीस वर्षं त्यांनी ब्राझीलहून आलेली गोठवलेली कोंबडी उतरवून घेतली. ऑगस्टच्या उन्हात कंटेनरचं दार उघडलं की आतला गारठा अंगावर यायचा. मग घामाघूम कामगारांना ते म्हणायचे, "यल्ला, पाच मिनिटं ब्राझीलला जाऊन या!" त्यामुळे स्वतः जायचं ठरवलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी जाड जाकीट घेतलं. मी पोट धरून हसले. म्हटलं, "अहो, तिथे मनाउसला इथल्यासारखाच घाम गाळाल."

"मग ताई, इतकी वर्षं ही थंडी पाठवतो कोण?"

मी सगळ्या गिऱ्हाइकांना देते तीच यादी त्यांना दिली होती. रिओ, साल्वादोर, मनाउस, धबधब्यासाठी इग्वासू. त्यांना मात्र पारानाग्वा हवं होतं, कारण खोक्यांवर त्याच बंदराचं नाव छापलेलं. तिथे काय बघणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बघायला नाय ओ. आमची खोकी चढवतात त्यांना सलाम करून येतो." मी हट्टी खरी, पण ते माझ्या वरताण निघाले. पारानाग्वा यादीत राहिलं.

फेब्रुवारीची रजा मंजूर झाली होती. मीच म्हटलं, कार्निव्हलच्या दिवसांत तिकिटं आकाशाला भिडतात, एप्रिलमध्ये जा, घाई कशाला? नको तिथे शहाणपणा पाजळायची मला सवयच आहे. "इंशाल्ला," म्हणाले आणि रजा पुढे ढकलून आले. मार्चमध्ये गोदामातच छातीत कळ आली...

दफन इथेच झालं. त्यांच्या पत्नीच्या, रुक्सानाभाभींच्या, पासपोर्टची मुदत संपलेली होती. साऱ्या जगाची तिकिटं काढून देणारी मी, एका बाईला मुंबईहून इथवर आणू शकले नाही. फोन केले, हातापाया पडले, रडले. काही उपयोग झाला नाही.

गेल्या आठवड्यात भाभींचा फोन आला. "ताई, ते गेले असते तर काय काय बघितलं असतं ओ? सांगा ना." मी रिओपासून सुरुवात केली. समुद्र, डोंगर, डोंगरावर चढणाऱ्या वस्त्या. मग साल्वादोरची रंगीत घरं. त्या मधूनमधून "हां" म्हणत होत्या. मध्येच म्हणाल्या, "फेब्रुवारीत निघाले होते, कुणीतरी थांबवलं म्हणे. बरं झालं ओ. परक्या मुलखात एकटे गेले असते. ज्यानं थांबवलं त्याचं अल्ला भलं करो."

फेब्रुवारीत गेले असते तर मार्चपर्यंत सगळं बघून परत आले असते. हे मला ठाऊक होतं.

"ताई, आहात ना? साल्वादोरनंतर कुठं?"

मी पुढचं शहर सांगितलं.