डाग काढायचा ब्रश

खुर्चीत बसायच्या आधी अप्पा खांद्यावरच्या उपरण्यानं माझ्या कॉम्प्युटरचा पडदा पुसायचे.

"राख लई बसती, ताई."

परळीत वीज केंद्राची राख बसते हे मला सांगायची गरज नव्हती, माझा जन्म इथलाच. पण त्या दिवशी ते जो ठिपका घासत होते तो पडद्यावर नव्हताच. तो फोटोतल्या एका उपवर मुलाच्या हनुवटीवर होता.

"अप्पा, तो तीळ आहे."

"तीळ हाय व्हय? तरीच जाईना!"

माझं डीटीपीचं दुकान आहे आणि दुपारी मी क्लास घेते. अप्पांचं मोंढ्याजवळ कापडाचं दुकान. मुलानं गल्ला ताब्यात घेतला तेव्हा अप्पा रिकामे झाले आणि समाजाच्या मंडळानं वधू-वर परिचयाचं मासिक त्यांच्या गळ्यात घातलं. ते घेऊन अप्पा माझ्याकडे आले. "तुमीच करून द्या" म्हणाले असते तर मी आठवड्यात मोकळी झाले असते. पण त्यांना स्वतः शिकायचं होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मदत केली की त्यांना राग येतो, नाही केली तर त्याहून जास्त येतो.

"थांबा ताई, मला करू द्या." हे दर पाच मिनिटांनी. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की उचलून परत मधे ठेवायचा, हे त्यांना काही केल्या पटलं नाही. टेबलच लहान आहे, असं त्यांचं मत होतं.

फोटो एका लेअरवर, नाव दुसऱ्यावर, चौकट तिसऱ्यावर, हे मी घसा बसेपर्यंत समजावलं. एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे कापडाच्या घड्या! वरची उचलल्याबिगर खालची दिसत न्हाई." मला इतका आनंद झाला की मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्यांनी सगळे लेअर एकत्र दाबून, मूळ फाईलवरच सेव्ह करून टाकले होते.

"घडी घालून ठिवलो, ताई."

प्रत्येक पानाच्या माथ्यावर त्यांना लग्नपत्रिकेसारखं "॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥" हवं होतं. त्यापायी खालची ओळ घसरली आणि एका मुलीचं शिक्षण पुढच्या पानावरच्या मुलाला जाऊन चिकटलं. "मग देव काढू का?" असं त्यांनी विचारलं, जसं काही मीच देवाच्या मुळावर उठले होते.

डाग काढायचा ब्रश त्यांना सापडला तेव्हा तर माझं डोकंच उठलं. पुटकुळ्या गेल्या, तीळ गेले, कुणाच्या कपाळावरची खोक गेली. एका मुलीच्या नाकातली चमकीही गेली. अप्पांनी फोनवर पाठवलेलं पान बघून तिची आई सिरसाळ्याहून थेट माझ्या दुकानात आली.

"पोरीच्या अंगावरला डाग कुठं गेला?"

"काढलो की!" अप्पा खुशीत. "एक सुदिक ठिवलो न्हाई."

आमच्याकडे दागिन्यालाही डागच म्हणतात.

"काढला? आमची पोरगी लंकेची पार्वती हाय का?"

मी तिच्या फोनमधून फोटो घेऊन चमकी जागेवर बसवली, बाईंना पाणी दिलं आणि अप्पांना झापलं. ते म्हणाले, "दोन्हीला एकच शब्द ठिवलाय, त्याला मी काय करू?"

एका पानाला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. ते त्यांच्या मुलीचं. ती युसूफ वडगावला शाळेत शिकवायची. लहानपणी उकळता चहा सांडून तिचा डावा गाल हनुवटीपर्यंत भाजलेला. स्थळं यायची, खायची, "कळवतो" म्हणायची. ते पान बघितलं आणि हा माणूस इतके दिवस माझं डोकं का खातोय ते मला समजलं. हा एक गाल त्यांना दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नव्हता.

मासिक छपाईला पाठवायचं त्या दिवशी रविवार होता; घरी आलेली ती त्यांना जेवायला बोलवायला आली. पान उघडंच होतं.

"अप्पा, ही कोन?"

"तूच की."

"मी न्हाई ही." तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. "अंगावरला डाग असा न इचारता उतरवतेत का कुनी?"

"लोकं फोटो बगून पान उलटतेत, बाई. एकदा घरी तर येऊ देत."

"घरी आल्यावर कुठला बिरश फिरवनार हाव?"

मी मूळ फोटो शोधला. त्याचीही घडी झालेली. ती म्हणाली, घरातल्या बाकी प्रत्येक फोटोत तिला उजवा गाल पुढे करून उभं केलेलं होतं. मग मीच तिला भिंतीपुढे बसवलं आणि फोन काढला.

"जरा हसा."

"कावून? हसल्यावर पसंत पडते का?"

आणि तेवढ्यात स्वतःच हसली. तोच फोटो मी पानावर लावला.

अप्पा खुर्चीतून उठले. "छापल्यावर बदलता येत न्हाई ना?"

"नाही."

ते बाहेर पायरीवर जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. त्यांच्या खुर्चीत ती बसली, पान वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं, आपल्या जन्मतारखेतली चूक मला दाखवून दुरुस्त करून घेतली आणि छपाईला पाठवायचं बटण दाबलं.

"गेलं का?" त्यांनी न वळता विचारलं.

"गेलं, अप्पा. चला, भाकरी वाळायल्यात."