घोडीची अर्धेली

एक घोडी, तिचे दोन मालक आणि मध्ये मी. नोकरीतल्या मोठमोठ्या केसेस मी लोकांना रंगवून सांगतो, टाळ्याही घेतो. ही मात्र फारशी सांगत नाही. पण जेवायला बसलो की कधीतरी हीच नेमकी समोर येऊन उभी राहते.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कुठल्या, ते विचारू नका. सोमवारी सकाळी आष्ट्याच्या बाजूच्या एका गावातून फिर्याद आली की घोडी चोरीला गेली. म्हशी, मोटारी, पाण्याचे पंप रोजच जातात. घोडी पहिलीच. ठाणे अंमलदाराने तर दोनदा विचारलं, "घोडी म्हणजे खरीखुरी?"

फिर्यादी सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. नोकरीत त्यांनी खेचरं आणि घोडी सांभाळली होती. बायको वारल्यावर त्यांनी एक तांबडी घोडी आणली आणि तिचं नाव चिमणी ठेवलं. चिमणी चांगली साडेचौदा मुठी, म्हणजे खांद्यापाशी जवळजवळ पाच फूट उंच. गावाने हसून घेतलं. सुभेदार कुणाकडे लक्ष देणाऱ्यांतले नव्हते.

पण घोडी पाळणं म्हणजे म्हैस पाळणं नव्हे. दूध नाही, रेडकू नाही, नुसतं वाळलं गवत, हरभरा, कोंडा आणि दर दीड महिन्याला नाल. त्यात सुभेदारांचे गुडघे गेले. घोडी दिवसचे दिवस बांधूनच राहायला लागली, तेव्हा त्यांनी भागीदार शोधला. सांगलीच्या विश्रामबागेत एका कार्यालयात नोकरी करणाऱ्या बाई, वय पंचेचाळीस, एकट्या. लहानपणापासून त्यांना घोड्यावर बसायचं होतं आणि आजवर कुणी बसू दिलं नव्हतं. ठरलं असं, की निम्मा खर्च बाईंचा आणि सोमवार, बुधवार, शनिवार सकाळी घोडी बाईंची. स्टँपपेपरवर वर्षभराचा करार झाला.

आमच्याकडे गाय किंवा शेळी अर्धेलीने देतात, म्हणजे एकाची गाय, दुसऱ्याची राबणूक आणि वेत, म्हणजे होणारं वासरू, वाटून. पण घोडीची अर्धेली? पारावर चेष्टेला ऊत आला. "सुभेदार, तोंडाकडचा भाग तुमचा का शेपटाकडचा?" सुभेदार म्हणायचे, "तुज्या बाजूला लाथ हाय, एवढं ध्यानात ठेव."

तर ती सामायिक घोडी रात्रीत गेली. मी पंचनाम्याला पोहोचलो. गोठ्याची कडी शाबूत. खोगीर भिंतीला टांगलेलं, त्याला हात लावलेला नाही. गेला होता फक्त तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधून दाणा चारायची पिशवी. माझे हवालदार जुने आणि बेरकी. ते हळूच म्हणाले, "साहेब, हजारोंचं खोगीर सोडून चोर तोबरा कशाला नेईल?"

मी म्हणालो, "भुकेला असेल."

सगळे हसले. मीही हसलो. विनोद चांगला होता. फक्त जिथे विचार करायचा होता, तिथे मी विनोद केला.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. बाई आल्या, हातात गाजरांची पिशवी. सोमवार त्यांचा. रिकामा गोठा बघून त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तिचा दाणा कुणाकडे आहे?" मला तेच खटकलं. घोडी गेली म्हटल्यावर कुठे गेली हे विचारावं की दाण्याचं? शिवाय घोडी परक्या माणसाबरोबर आवाज न करता जाणार नाही, असं सुभेदारच सांगत होते. मग परकी नसलेली कोण? माझं गणित सुटलं होतं.

बाईमाणसाचा जबाब घरी जाऊन घ्यायचा असतो, हा नियम मला पाठ होता. तरी मी त्यांना ठाण्यात बोलावलं. सोमवारी दिवसभर बाकावर बसवलं आणि मंगळवारी पुन्हा. सोबत महिला हवालदार बसवली, म्हणजे आपण फार नियमाने वागतोय असं वाटायला हरकत नाही. सुभेदारांनाही बजावलं, "गाव सोडायचं नाही. कधीही बोलावीन."

"घोडी कुठे ठेवलीय?" मी विचारायचो.

"मला माहीत नाही. पण ज्याच्याकडे असेल त्याला निरोप पोहोचवा. वाडं घालू नका म्हणावं. पेंड अजिबात नको. वाळलं गवत थोडंथोडं."

"मी घोडीचा ठावठिकाणा विचारतोय, आहार नाही."

"साहेब, तिचं पोट नाजूक आहे. ऊसतोडीचे दिवस आहेत, सगळीकडे उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं पडलंय. कुणीही टाकेल समोर."

हे त्या किमान दहा वेळा बोलल्या. मी वीसेक वर्षं गुन्हेगारांचे जबाब घेत आलो होतो. मला वाटलं, मुद्द्यावरून भरकटवायची ही नवीन तऱ्हा आहे. हवालदारांना मी डोळा मारून म्हणालो, "बाई मुरलेली आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाईंसाठी चहा सांगितला. कागदावर मी वाड्याचं अक्षरही घेतलं नाही.

बुधवारी सकाळी माझा एक खबरी आला. हा दुधाचा टेंपो चालवायचा, त्यामुळे पाच तालुक्यांतले गोठे त्याच्या पाठांतरात. "साहेब, शिराळ्याकडं एका गोठ्यात गंमत बगितली. पाच म्हशी, आन सहावी घोडी. तिला काय दूध हाय का, म्हणून म्या इचारलं, तर म्हातारी म्हनली, पाव्हणी हाय."

पाव्हणी. चोरीचा माल कुणी पाहुणा म्हणून सांगत नाही.

तेव्हा कुठे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्याचं खरंच काही गेलेलं असतं, तो फिर्यादी ठाण्याचा उंबरा झिजवतो. सायकल गेलेला माणूससुद्धा रोज सकाळी येऊन आमचा जीव खातो. सुभेदार सोमवारनंतर फिरकले नव्हते, त्यांचा साधा फोनही नव्हता. मी त्यांना बोलावून घेतलं, चहा पुढे केला.

"शिराळ्याला कोण आहे तुमचं?"

त्यांनी कप उचलला नाही. म्हणाले, "भन हाय."

"चला. गाडीत बसा."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. मला विचारावंही लागलं नाही. "घोडी वाटून घ्यायची म्हंजे लय सोपं वाटलं हुतं साहेब. बाईंची स्कूटर वढ्याकडं वाजली की चिमणी खिंकाळायची. मी गोठ्यात गेलो की नुसता कान हलवायची. चार वर्सं मी सांबाळली, आन ती हिकडं बगंना."

"मग करार मोडायचा होता."

"शब्द दिल्याला. मोडायचा कसा?"

शब्द मोडता येत नाही म्हणून या माणसाने खोटी फिर्याद दिली होती. रविवारी भाच्याच्या टेंपोतून घोडी बहिणीकडे पाठवली. सोबत तोबरा आणि दोन दिवसांचं वाळलं गवत. चोरी झाली म्हटल्यावर बाई दुःख करून बाजूला होतील, मग मंगळवारी जाऊन तिला सांभाळायचं, पुढे कधीतरी सापडली म्हणून आणायचं. "पन तुमी गाव सोडू नगा म्हनालात," सुभेदार म्हणाले. "हुकूम तो हुकूम. फोन बी केला न्हाई, तुमास्नी कळंल म्हनून."

त्यांच्याकडे बघायचं टाळून मी चालकाला म्हणालो, "जोरात घे."

गोठ्यात शिरलो तर चिमणी आडवी पडलेली. घामाने भिजलेली, पोट फुगून नगारा झालेलं, पाय झाडत होती. सुभेदारांची बहीण भांबावून उभी होती. "गवत सरलं, दादा. मग पाव्हणीला उपाशी ठिवायची का? ताजं वाडं घातलं, म्हशींच्या आदी तिला पेंड भिजवून दिली. चांगली पोटभर खाल्ली रं."

तिने मनापासून पाहुणचार केला होता. आमच्याकडच्या कुठल्याही घराने तेच केलं असतं.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दुसरा फोन बाईंना. पहिल्यांदाच मी त्यांना घोडीच्या खाण्याचा प्रश्न विचारला. "बाई, चिमणी शिराळ्याकडे सापडलीय. वाडं खाल्लंय. काय करायचं?"

 त्या म्हणाल्या, "उठवा तिला. चालवत राहा. लोळू देऊ नका. मी निघाले."

सुभेदार, मी, चालक आणि भाचा, आम्ही चौघांनी तिला उठवलं. गुडघे गेलेला तो माणूस दोर धरून अंगणात तिला फिरवत राहिला. डॉक्टर आले, नळी घातली, इंजेक्शनं दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "घोड्याला उलटी होत नाही हो. काल समजलं असतं तर काहीतरी करता आलं असतं." काल म्हणजे मंगळवार. मंगळवारी ती माहिती माझ्या ठाण्यात बाकावर बसलेली होती.

दुपारी घोडी पुन्हा खाली बसली आणि मग उठली नाही. बाई आल्या तेव्हा ती जिवंत होती. त्यांचा आवाज ऐकून तिने मान उचलायचा प्रयत्न केला. सुभेदारांनी ते पाहिलं. त्यांनी दोर बाईंच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

"धरा," ते म्हणाले. "आज बुधवार हाय."

अर्ध्या तासाने सगळं संपलं.

खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा सुभेदारांवर मलाच नोंदवावा लागला. त्यांनी एका शब्दानेही बचाव केला नाही. त्या केसने मला जे शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. आम्ही पोलीस समोरच्या माणसात खोटं इतकं बारकाईने शोधतो, की तो खरं काय सांगतोय ते कानावरून जातं. पुढे मी नव्या पोरांना एकच सांगायचो, की संशयित एखादी गोष्ट दहा वेळा सांगत असेल तर अकराव्यांदा सांगायच्या आत ती लिहून घ्या.

दोन दिवसांनी या केसमधला बाईंचा जबाब घ्यायचा होता. या वेळी मी विश्रामबागेत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं, मी लिहीत गेलो. वाचून दाखवलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं नाही.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "मला दोन दिवस ठाण्यात बसवलंत. मी काय सांगत होते, आणि तुम्ही काय लिहिलं नाहीत. तेही घ्या."

माझ्याच हस्ताक्षरात, माझ्या हुद्द्यासकट, मी ते लिहिलं. मग त्यांनी सही केली.