दहा माणसं आली, सूर गेला

माझा थोरला भाऊ एलियाझर गोंदिया स्टेशनात पार्सल क्लार्क होता. एकटा जीव, जेवायला माझ्याकडेच. त्या दुपारी त्याचा डबा भरत होते, तेवढ्यात पॉइंट्समन सुखदेव दारात येऊन म्हणाला, "बाई, दादा बसल्या जागीच गेले." रडू नंतर आलं. आधी रागच आला... एक काम तो अर्धवट टाकून गेला होता.

आम्ही बेने इस्रायल ज्यू, मूळचे कोकणातले. वडील गावच्या सिनेगॉगमध्ये हझान, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना गाणारे. हझानानं सूर धरायचा, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. ते सूर कुठं लिहिलेले नव्हते. वडील एलियाझरला समोर बसवून शिकवत आणि मी चुलीपाशी बसून शिकत असे. स्वातंत्र्याच्या वर्षी त्याची गोंदियाला बदली झाली, पुढं माझ्या नवऱ्याचीही. आसपासच्या स्टेशनांवरचे आमचे सगळे पुरुष धरले तरी एलियाझरसकट नऊच भरत. आणि दहा पुरुष नसले की मृतांसाठीचं कद्दीश नाही, हझानाची निम्मी प्रार्थना नाही. एका वर्षी अर्जुनीला आमच्यातले स्टेशनमास्तर आले, दहा झाले. पण किप्पूरच्या उपासाआधीच दोन कुटुंबं इस्रायलला निघून गेली. सुखदेवानं एकदा विचारलं, "मले उभं करा ना दहावा. काऊन नाही चालत?" एलियाझरनं आकाशाकडे बोट केलं. "मला चालेल रे, त्याला चालत नाही."

मला हसू येत नसे. "दहा होतील तेव्हा होतील, निदान आहेत त्यांना सूर शिकव," मी कानीकपाळी ओरडायची. एकदा बसला शिकवायला. कुणाचा सूर जरा हलला की हात वर, पुन्हा पहिल्यापासून! चार शुक्रवारांत सगळे यायचे बंद झाले, माझा नवरासुद्धा. "मग मी शिकलेय ना, मला सूर धरू दे," मी म्हटलं. तो म्हणाला, "तुला येतं, ठाऊक आहे मला. पण तू दहात धरली जात नाहीस, रिबका."

तो गेला त्या दिवशी नागपूर, डोंगरगड, रायपूरला तारा केल्या. सकाळपर्यंत बारा पुरुष जमले. इतकी वर्षं ज्यांची वाट पाहिली ते त्याच्या मयताला आले, वर दोन जास्तच. आणि सूर धरायला कुणी नाही. नागपूरच्या एका म्हाताऱ्या गार्डांनी पुस्तकातून चाचरत कद्दीश वाचलं, टाइमटेबल वाचावं तसं. पुढची ओळ माझ्या ओठांवर होती. मी पदर तोंडाशी धरून गप्प बसले... त्या गप्प बसण्याचा संताप अजून जात नाही.

परवा त्या गार्डांचं पत्र आलं. त्याला जाऊन महिना भरेल तेव्हा सगळे कद्दीशसाठी पुन्हा येणार आहेत. एलियाझरची सुरांची वही असल्यास धाडावी. त्याचं टेबल तसंच आहे, चष्मा आहे, प्रार्थनेची टोपी आहे. वही कधीच नव्हती. मी उलट टपाली कळवलं: दोन दिवस आधी या. सूर मी सांगते. चुकलात तरी म्हणत राहा.