गुडघ्याची पुडी आणि पिवळं कार्ड

शाळा माझी तिसरीतच सुटली, पण अंगठा मी कुठं उठवला नाही. सही शिकलो. आणि जिथं सही केली तिथं शब्द फिरवला नाही. हा माज माझ्यात आहे, लपवून काय करू?

आमची एकुलती लेक युगांडात असते. जावई तिथल्या साखर कारखान्यात. आमच्या राहुरीकडची बरीच पोरं तिकडं गेलीत. नातू सात महिन्यांचा झाला तेव्हा तिचा फोन आला. वर्षाच्या आत जावळ काढायचं होतं. पोराला मामाच्या मांडीवर बसवतात, अन् तिला भाऊ नाही.

"आबा, मांडी तुमचीच. तुम्ही न्हाई आला तर जावळच काढायची न्हाई मी."

हो म्हणून बसलो, पण गुडघे मांडी घालू देत नव्हते. आठवडे बाजारात एक माणूस गुडघ्याची पांढरी पूड विकायचा. रोज सकाळी एक पुडी घ्यायला लागलो आणि आठ दिवसांत ओट्यावर मांडी घालून बसलो. पुड्या फवारणीच्या पंपामागं ठेवायचो. गावात मात्र सांगायचो, उभ्या जन्मात औषधाला शिवलो नाही.

तिकडं जायचं तर पिवळ्या तापाची लस टोचून कार्ड घ्यावं लागतं. त्यासाठी आम्ही दोघं नवराबायको पुण्याला गेलो. मंडळी अजून साठीच्या आतली, तिचं लगेच उरकलं. माझ्यापाशी डॉक्टरीणबाई थबकल्या.

"आजोबा, साठीच्या पुढं ही लस आम्ही जपून देतो. अंडं खाल्लं की काही त्रास?"

"अंडं कशाला, आख्खी कोंबडी पचती."

"कुठलं औषध चालू?"

"काही न्हाई."

"मग इथं सही करा, सांगितलेलं सगळं खरं आहे म्हणून."

पेन हातात घेतलं. पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. खोटं बोलणं वेगळं, त्याच्याखाली आपलं नाव लिहिणं वेगळं. पेन खाली ठेवलं आणि पुडीचं सांगितलं.

मंडळी मागं बसली होती. "तरीच! मला वाटायचं पंपामागं तंबाखू दडवलीय."

बाई हसल्या नाहीत. असल्या पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉईड असतं म्हणाल्या. लस जिवंत जंतूंची, फक्त दुबळे केलेले. शरीराची लढायची ताकद त्या पुडीनं दबलेली असली तर तेच जंतू उलटतात. "आज देणार नाही. आणि पुडी एकदम सोडायचीही नाही, त्यानंही जिवाला धोका असतो. नगरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ते हळूहळू कमी करतील."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

"मी एकटी जाते मग," मंडळी म्हणाली. "नातवाला सांगते, आबा पुडी खात बसलेत."

"गप ए. येतो मी."

नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पुडीच्या जागी मोजक्या गोळ्या दिल्या आणि त्याही दर आठवड्याला कमी करत नेल्या. गुडघे पुन्हा ठणकायला लागले. रात्री कूस बदलताना आईची आठवण यायची. डॉक्टरांनी व्यायाम दाखवला होता: खाटेवर बसायचं, पाय सरळ उचलायचा, दहा अंक मोजायचे. अंक मोजायचं काम मंडळी करायची, आणि सातावर मुद्दाम रेंगाळायची. गोळ्या बंद झाल्यावर आणखी महिनाभर थांबवलं. शेवटी डॉक्टरांनी लस द्यायला हरकत नाही असा कागद लिहून दिला. नातवाला तेव्हा दहावा महिना सरत आला होता.

पुण्यात त्याच बाई होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, पुन्हा सगळं विचारलं. या वेळी मी सही एका दमात केली. सुई टोचली तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं. अर्धा तास बसवून ठेवलं, मग पिवळं कार्ड हातात दिलं.

"दहा दिवसांनी लागू होतं हे. विमान कधी?"

"चौदाव्या दिवशी."

"मग जावा बिनघोर. दंड दुखला, अंग कसकसलं तर घाबरू नका. ताप चढला, लई गळून गेल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना. पुडी न्हाई."

बाहेर येऊन लेकीला फोन लावला.

"आबा, खुर्चीच मांडते हां तुमच्यासाठी."

"खुर्ची कशाला? मी काय सत्काराला येतोय? पाट मांड. खाली जाड उशी ठेव, आणि उठताना जावईबापूंना म्हणावं हात द्या."

तिकडून नातवाचा आरडाओरडा आला. केस डोळ्यांवर येतात म्हणून चिडतो म्हणे.

"थांब म्हणावं," मी म्हणालो, "चौदा दिवस."