पैलवानी पोटऱ्या

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. कुणी नातवाच्या लहानपणाचा विषय काढला की मी कुस्तीकडे वळायचो.

टेंभुर्णीत माझी तालीम होती. सहा वर्षांच्या नातवाच्या पोटऱ्या टणक, टरारलेल्या. मी त्या गावभर कौतुकानं दाखवल्या. सूनबाई म्हणाली, "मामा, त्याला खालून उठताच येईना. मांड्यांवर हात टेकून उठतोय."

"पैलवानाचा नातू हाय! तूच लाडावून ठेवलंस," असं म्हणून मी त्याला रोज बैठका काढायला लावल्या. पडला की पुन्हा उभा करायचो.

मी जत्रेच्या कुस्त्यांना गेलो असताना ती एकटीच त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, त्या पोटऱ्यांत ताकद नव्हतीच. जन्मजात आजारानं स्नायू झिजून तिथं चरबी आणि जखमेवर येतो तसा निबर वण भरला होता. बैठकांनी उरलेला स्नायूही फाटत होता. मला न विचारता नेलं म्हणून मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. तिनं बैठका बंद केल्या, पाय ताणायचे व्यायाम शिकून घेतले आणि हा आजार हृदयालाही धरतो म्हणून त्रास दिसण्याआधीच सुरू केलेली औषधं एक दिवसही चुकवली नाहीत.

आज तो चोवीस वर्षांचा आहे. व्हीलचेअरवर आहे, हृदय अजून दमदार आहे, आणि त्याच वणावर संशोधन करायला त्याची निवड झाली!

"आबा, स्नायू फाटला की शरीर निरोप्यासारखा एक रेणू धाडतं, वण धरून जखम भरा म्हणून," त्यानं मला समजावलं. "काम झालं की त्यानं थांबावं. माझ्यात थांबतच न्हाई. हृदयातबी तेच."

"मंग त्याला चितपट करणार?"

"न्हाई आबा, नुसता दाबून धरायचा. पार संपवला तर साधी जखमबी भरणार न्हाई."

असा डाव मी कधी शिकवला नव्हता!

गावानं सत्कार ठेवला. हलगी कडाडली. त्याची खुर्ची स्टेजवर चढावी म्हणून तालमीतल्या पैलवानांनी फळ्यांचा उतार केला. "आबांनी घडवलेला पठ्ठ्या!" म्हणत सरपंचांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. मागे उभी राहून सूनबाई टाळ्या वाजवत होती. मी माईक घेतला, गावाचे आभार मानले आणि खाली बसलो. ती शाल खरी तिची होती.

घरी तिनं चहा दिला. "मामा, साखर बराबर हाय ना?"

"बराबर," मी म्हणालो. "पोरी, माझं चुकलं," एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.