बाजेच्या पायावर काठी: पारोळ्याकडचा एक ईस्टर

एप्रिलमध्ये खानदेशात जाऊ नये, असं मी कुणालाही सांगेन. आम्ही गेलो, कारण सुशीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आईला घेऊनच यायचं. ती एकटी राहणार नाही तिथं." तिचे वडील, आबा, हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले होते. त्यांच्यामागे आलेला हा पहिलाच ईस्टर. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची आहे, त्यामुळे रस्त्यांची आणि गाड्यांची माहिती आता विश्वासानं घेऊ नका. उन्हाची मात्र जरूर घ्या.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना नाशिकला आटोपून आम्ही धुळ्याची एसटी धरली. चांदवडचा घाट उतरला की वारा गरम होतो, मालेगावनंतर तो तोंडावर चटके देतो. खिडकी लावली तर घुसमट, उघडली तर धूळ. मी दर दहा मिनिटांनी दोन्ही करून पाहत होतो. शेवटी सुशीलानं माझा हातच धरून ठेवला.

धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. वर बोटभर तेलाचा तवंग, सोबत कच्चा कांदा आणि ज्वारीची भाकरी. दोघांचं पोट दहाच्या नोटेत भरायचे ते दिवस. तिखट न सोसणाऱ्यांनी आधीच दही मागून ठेवावं. मी मागितलं नाही आणि पारोळ्याची गाडी लागेपर्यंत रसवंतीवर उभा राहिलो.

गाडीत कंडक्टरनं विचारलं, "कोठे जावानं शे?"

सुशीलानं गावाच्या फाट्याचं नाव सांगितलं. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "आबासनी पोर का तू? चांगला माणूस व्हता."

नंतर तिनं फाट्यापर्यंत खिडकी उघडीच ठेवली, धूळ आली तरी.

फाट्यापासून गाव चालत अर्धा तास. एका बाजूला कपाशी काढलेली काळी रानं, दुसऱ्या बाजूला लिंबाची झाडं. गावाच्या टोकाला ख्रिस्ती लोकांची एकच गल्ली आहे. तिथं माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. अक्कांनी पाणी दिलं, जावयासाठी नवी चादर काढली, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही. एरवी मी आलो की "नाशिकना साहेब उनात", म्हणजे साहेब आले, असं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायच्या.

आता त्या गल्लीची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. उन्हाळ्यात अख्खी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपते. ईस्टरच्या पहाटे अंधारातच सगळे कबरस्तानात जमतात आणि कबरींपाशी उभं राहून उपासना करतात. त्यासाठी गल्ली उठवायचं काम आबांचं. ते काठी घेऊन निघायचे, शेजारच्या दाविदनानांपासून सुरुवात. बाजेच्या पायावर काठी आपटून म्हणायचे, "येशू जित्ता शे!" झोपलेल्यानं म्हणायचं, "खरंच जित्ता शे!" उत्तर आल्याशिवाय आबा पुढच्या बाजेकडे जात नसत. पांघरुणात नुसतं हुंकारणं चालायचं नाही. सगळी गल्ली झाली की शेवटी आपल्या अंगणात यायचे. शेवटचं उत्तर अक्कांचं असायचं.

शनिवारी सकाळी गल्लीनं कबरींना चुना दिला. मीही ब्रश घेतला आणि कबरींपेक्षा जास्त चुना स्वतःच्या पँटला लावला. आबांची कबर अजून मातीचीच होती, नुसता उंचवटा. अक्का आल्या नाहीत. दुपारी मी पारोळ्याला जाऊन किल्ला पाहून आलो. किल्ला गावातच आहे, भोवती खंदक आहे, आणि त्या उन्हात सावली देणारी तेवढीच एक भिंत मी शोधून काढली. तुम्ही जाल तर सकाळी जा.

संध्याकाळी सुशीलानं विषय काढला. "आई, उद्या येशील ना कबरस्तानात? आणि सोमवारी आमच्याबरोबर नाशिकला?"

अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येशू जित्ता झाया. मना माणूस नही झाया. तठे उभी राहीसन मी काय सांगू?"

सुशीला शेजारी बसून तांदूळ निवडू लागली. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे, दर ईस्टरला 'मरणा, तुझा विजय कोठे?' हे वचन ऐकत आलोय, पण त्या स्वयंपाकघरात ते म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग सगळ्या गल्लीनं मिळून एक घोळ घातला. यंदा उठवणार कोण, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. आबांची जागा आपण घेतली तर अक्कांना काय वाटेल, म्हणून नाना गप्प. नाना वडीलधारे, ते बघतील, म्हणून बाकीचे गप्प. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, धुळ्याहून मुक्कामाला आले होते. त्यांना वाटलं, गल्ली उठवेलच. उठायची सवयच कुणाला नव्हती, सवय होती ती उठवलं जाण्याची.

मला जाग आली तेव्हा आकाश चक्क पांढरं झालं होतं. एव्हाना अर्धी उपासना व्हायला हवी होती. गल्लीत झाडून सगळे घोरत होते, पाळकसाहेबसुद्धा. नानांच्या बाजेशी अक्का उभ्या होत्या, हातात आबांची काठी.

त्यांनी काठी बाजेच्या पायावर आपटली. तोंडातून शब्द आला नाही. तशाच उभ्या राहिल्या. वाटलं, आता परत फिरतील.

नानांनी डोळे उघडले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. झोपेतच म्हणाले, "खरंच जित्ता शे."

हाकेआधी उत्तर आलं होतं. अक्कांनी पदर तोंडाला लावला. मग पुढच्या बाजेपाशी गेल्या, काठी आपटली आणि फाटक्या आवाजात म्हणाल्या, "येशू जित्ता शे." पुढच्या अंगणात आवाज जरा सुटला. पाळकसाहेबांच्या बाजेपर्यंत तो इतका मोठा झाला की ते धडपडून उभेच राहिले आणि उत्तर द्यायचं विसरले. अक्का हलल्या नाहीत. पाळकसाहेबांनाही उत्तर द्यावं लागलं.

शेवटी त्या आमच्या अंगणात आल्या. सुशीलानं उत्तर दिलं, मी दिलं. मग उरली अक्कांची स्वतःची बाज. त्या तिच्यावर बसल्या, दमल्या होत्या. सुशीलानं त्यांच्या हातून काठी घेतली, बाजेच्या पायावर आपटली आणि म्हणाली, "आई, येशू जित्ता शे."

अक्का बराच वेळ रडल्या. आम्ही थांबलो. मग म्हणाल्या, "खरंच जित्ता शे."

उपासना भर उन्हात झाली. कुणाचे केस विंचरलेले नव्हते, पाळकसाहेबांचं प्रवचन नेहमीपेक्षा निम्मं झालं आणि ते सगळ्यांना आवडलं. अक्कांनी मातीच्या उंचवट्यावर कण्हेरीची फुलं ठेवली. दुपारी काळ्या मसाल्याचं मटण, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. जावई म्हणून मला एक पोळी जास्त मिळाली, नको म्हणायची सोय नव्हती. पोळी वाढताना अक्का म्हणाल्या, "नाशिकना साहेब, लाजू नका." एवढ्या मोठ्यानं, की नानांच्या अंगणातले हसले.

सोमवारी सुशीलानं अक्कांची पिशवी भरायला घेतली. त्यांनी ती रिकामी केली.

"मी नही येत. अठे बठ्ठी गल्लीले कोन उठाडी?"

"आणि तुला एकटं वाटलं तर?"

"वाटी. रडू बी येई." त्यांनी कबरस्तानाच्या दिशेनं पाहिलं. "आबा निजेल शेतस. त्यासले हाक अजून येवानी बाकी शे."

आम्ही दोघंच नाशिकला परतलो. धुळ्याला मी यावेळी दही मागितलं.

त्यानंतर कितीतरी ईस्टर अक्कांनी ती गल्ली उठवली. आता त्याही आबांशेजारी आहेत, आणि काठी आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये दाराच्या मागे. आमच्याकडे बाज नाही, पलंग आहे, प्लायवूडचा. ईस्टरला पहाटे सुशीला त्यावर काठी आपटते आणि तिच्या गावच्या बोलीत हाक देते. अक्का गेल्या त्या वर्षी तिचा आवाज निघेना. नुसतीच काठी वाजली. मी डोळे मिटूनच होतो. नानांसारखं मीच आधी उत्तर दिलं.